मुक्कामाला राहिलेले पाहुणे

चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे आणि रडू आलं तर लाजायचं नाही, हे तीन नियम मावशी गादीखोलीत येणाऱ्या प्रत्येक नव्या आईला दारातच सांगायची. तिसरा नियम ऐकला की निम्म्या आया तिथेच रडायच्या. मग मावशी म्हणायची, "चला, एक काम उरकलं."

गादीखोली म्हणजे मुलांच्या दवाखान्यातली तळमजल्यावरची मोठी खोली. दारावर तिचं खरं नाव लिहिलेलं होतं, पण ते इतकं लांबलचक, की वाचून होईपर्यंत मूल शाळेत जायच्या वयाचं व्हावं. भिंतीपासून भिंतीपर्यंत निळ्या रेक्झिनच्या गाद्या, कोपऱ्यात कमरेएवढे रबरी चेंडू, लोड, उतरत्या उशा, आणि एका भिंतीला जमिनीलगत आडवा आरसा. जमिनीलगत, कारण तिथली गिऱ्हाइकं जमिनीवरचीच. मान न धरणारी, न बसणारी, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेली. त्यांना तिथे व्यायाम देत. व्यायाम देणाऱ्या थेरपिस्टना सगळे मोठ्या बाई म्हणत. मावशी त्यांची मदतनीस. कागदावर तिची कामं तीन: गाद्या पुसणं, चेंडू फुगवणं आणि व्यायाम चालू असताना मूल धरणं. हे तिसरं काम ती बावीस वर्षं करत होती, आणि मूल धरावं तर मावशीने, असं मोठ्या बाई चारचौघांत म्हणायच्या. त्या काही उगाच कुणाचं कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

नव्या आईला समजावताना मोठ्या बाई कागदावर मेंदू काढायच्या, त्यातून बाण काढायच्या. आई मान डोलवायची आणि बाहेर आली की हळूच मावशीला विचारायची, "काय म्हणाल्या हो त्या?"

"हे बघ," मावशी सांगायची, "बाळ येताना एकटं येत नाही. बरोबर पाहुणे घेऊन येतं. एक दचक्या. जरा भांडं पडलं की बाळ दोन्ही हात फेकतं ना, तो. दुसरा मूठवाला. तळहातात बोट दिलं की धरलंच. तिसरा तिरंदाज. मान उजवीकडे वळली की उजवा हात ताठ, डावा कोपरात दुमडलेला, बाण सोडायला निघाल्यासारखा. हे बाळ करत नाही ग, पाहुणे करतात. बाळाला काहीच येत नसतं तेव्हा घर तेच सांभाळतात. पण चार महिने, फार तर सहा. मग त्यांनी पिशव्या उचलायच्या. पाहुणे गेले की घर बाळाचं. मग ते आपल्या मनाने हात उघडतं, वळतं, बसतं. आणि नाही गेले, तर त्या बिचाऱ्याला स्वतःच्याच घरात पाय पसरायला जागा नाही."

"मग हाकलायचे कसे?"

"हाकलायचे नाहीत. हाकललं की जास्त अडून बसतात. बाळाला घर वापरायची सवय लावायची. रोज. थोडी थोडी."

मोठ्या बाईंनी हे एकदा दाराआडून ऐकलं. हसल्या, आणि त्याही तेव्हापासून पाहुणेच म्हणू लागल्या.

एवढी शहाणी बाई. आता तिच्या घरचं ऐका.

घरात तिचा मुलगा, तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि सून, ती चष्म्याच्या दुकानात. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सासू-सुनांचं चांगलं जमायचं. म्हणजे भांडण व्हायचं, पण भांड्यांवरून, माणसांवरून नाही. सून गरोदर राहिली तेव्हा मुलाने आईला समोर बसवून बजावलं, "आई, एक सांगतो, रागावू नकोस. तुझे दवाखान्याचे डोळे रोज पायपुसण्यावर काढून आत येत जा."

हे तो उगीच म्हणाला नव्हता. दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या बाईच्या तीन महिन्यांच्या मुलाच्या घट्ट मुठी बघून मावशीने तिला सांगितलं होतं, मोठ्या बाईंना दाखव. ती घाबरली. तपासण्या झाल्या, उपास झाले, रडारड झाली, आणि पोरगं निघालं ठणठणीत. नवव्या महिन्यात ते रांगत रांगत जिन्यावरून मावशीच्या दारात आलं आणि तिची चप्पल तोंडात घालून बसलं. वरच्या बाईने मूल उचललं, चप्पल तिथेच टाकली आणि एक शब्द न बोलता वर गेली. त्या दिवसापासून बोलणं बंद. "पराचा कावळा करते म्हातारी," हे मात्र सगळ्या जिन्याला ऐकू गेलं. करायला गेलं भलं आणि हे असं झालं.

नात झाली. तीन आठवडे आधी आणि फार वेळ घेऊन. जन्मल्यावर लगेच रडली नाही, ते सगळ्यांनी दोन दिवस मनात धरलं आणि मग दूध प्यायला लागल्यावर सोडून दिलं. घरात तिला बबडी म्हणत. सकाळी आई, दुपारपासून आजी अशी वाटणी ठरली, कारण मावशीची गादीखोली एकला सुटायची आणि सुनेचं दुकान दोनला सुरू व्हायचं.

आणि बबडीची मूठ! आजीचं बोट एकदा हातात आलं की सुटायचं नाव नाही. मावशी एका हाताने कणीक मळायची, कारण दुसरा पाळण्यात अडकलेला. मुलगा म्हणायचा, "मी पाना असा धरला असता तर इंजिनिअर झालो असतो." सून म्हणायची, "आजीवर जीव आहे हो तिचा, मला नाही अशी धरत." आणि मावशी, जी शंभर आयांना मूठवाल्याची गोष्ट सांगून बसली होती, ती मावशी खुळ्यासारखी फुलून जायची. पाहुण्याला ती माया समजली. आजीपणाने माणूस आंधळा होतो, दुसरं काय म्हणणार.

चौथा महिना सरता सरता मात्र दिसलं. दुपारची वेळ, सून दुकानात. मावशी बबडीचे कपडे बदलत होती आणि तिच्या लक्षात आलं की अंगठा अजून मुठीच्या आत आहे. बाही चढवताना हात सुटत नाही. खिडकीत कबुतर फडफडलं, बबडीने मान तिकडे वळवली आणि उजवा हात ताठ सरळ झाला. डावा दुमडला.

मावशीचे हात थांबले. तिने दोन बोटांनी बबडीची हनुवटी हळूच दुसरीकडे वळवली. डावा हात ताठ. उजवा दुमडला. पुन्हा वळवली. पुन्हा तेच. आठ-दहा वेळा तरी वळवली असेल, जणू अकराव्या वेळी ते चुकलं तर आधीचं सगळं खोटं ठरणार होतं. बबडीला तो खेळ वाटला आणि ती हसली.

संध्याकाळी सून आली, चप्पल काढता काढता म्हणाली, "काय केलं आज आमच्या बाईसाहेबांनी?"

"काय करणार," मावशी म्हणाली, "हसली."

बोलायचं म्हणून तिने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मीठ कुठे ठेवलंय ते विचारलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तीन आठवडे आधी झालीय, ते वजा करू या, असं तिने मनाशी ठरवलं. मग एक महिना थांबू या. मग आणखी पंधरा दिवस. या सबबी तिने गादीखोलीत इतक्या आयांच्या तोंडून ऐकल्या होत्या, की पुढची कुठली येणार हे तिला आधीच माहीत असायचं. तरी ती आली की तिला ती खरीच वाटायची.

आणि मग तिने ते केलं, जे तिच्या जागी दुसऱ्या कुणाला करताच आलं नसतं. कुणाला न कळता पाहुण्यांना आपणच वाटेला लावायचं. रोज दुपारी सून जिना उतरली की ही दाराला कडी लावायची, जमिनीवर गोधडी पसरायची आणि मोठ्या बाई जे जे करतात ते ते करायची. मुठीच्या पाठीवरून हळू हात फिरवून बोटं उघडायची, दोन्ही हात छातीशी आणायचे, कुशीवर वळवायचं. कसं करायचं ते हातांना ठाऊक होतं. पण कधी थांबायचं, काय बदलायचं, कुठलं या मुलाला चालत नाही, ते मोठ्या बाई ठरवायच्या, आणि मोठ्या बाई काही तिच्या गोधडीवर नव्हत्या. दुपारी थोडं सैल झालेलं अंग संध्याकाळी पुन्हा आवळायचं. सून घरी आल्यावर मावशी म्हणायची, "झोप कमी झालीय."

गादीखोलीत ती रोज सकाळभर मोठ्या बाईंपासून दोन हातांच्या अंतरावर होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सांगितलं की ते खरं होणार, आणि घरात सून हसत होती.

सहाव्या महिन्याच्या लसीला दोघी बबडीला घेऊन गेल्या. लहान मुलांचे डॉक्टर तरुण होते, बाहेर रांग होती. ते म्हणाले, "राहू दे आजींच्या मांडीवरच, खाली ठेवलं की रडेल." मावशीने बबडीला मांडीवर घेतलं. आता मांडीवर घेणं म्हणजे तुमचं-आमचं घेणं नव्हे. डावा हात मुलाच्या खांद्यांमागून, खांदे किंचित पुढे, कंबर दुमडलेली, मान बरोबर मध्ये, दोन्ही हात एकमेकांजवळ. असं धरलं की ताठलेलं अंग मऊ पडतं. बावीस वर्षांत ते हात दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मूल धरायचं विसरूनच गेले होते.

डॉक्टरांनी खुळखुळा वाजवला. बबडीने वर बघितलं, हसली, एक मूठ अर्धी उघडली आणि खुळखुळ्याला लागली. "छान आहे," डॉक्टर म्हणाले. "महिन्या-दोन महिन्यांत बसायला लागेल."

त्या क्षणी मावशीला कळलं, आपले हात काय करतायत ते. नुसते सैल सोडले असते, पोरीची मान एकदा बाजूला वळू दिली असती, तर डॉक्टरांना समोरच दिसलं असतं. हात सोडायला कितीसा वेळ लागतो? डॉक्टर अजून समोर होते, सुई भरत होते. शेजारी सून होती, "छान आहे" ऐकून तिचं तोंड असं काही उजळलं होतं. गादीखोलीत "थोडं बरं आहे", "बघू या", "प्रयत्न करू" एवढंच ऐकायला मिळतं. "छान आहे" हे मावशीने आपल्या मांडीवरच्या मुलाबद्दल पहिल्यांदाच ऐकलं. तिने हात सोडले नाहीत.

परतताना सुनेने फुगा घेतला. मावशी वाटभर त्या फुग्याचा दोरा धरून चालली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचे चार महिने कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे तोंडही तिचंच आणि बुक्क्याही तिच्याच.

शेवटी कळलं ते सुनेला, आणि तेही दुकानात. एक बाई चष्मा बदलायला आली, तिचं आठ महिन्यांचं पोर काउंटरवर बसवलेलं. त्याने एक फ्रेम उचलली, या हातातून त्या हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली. सून बघत राहिली. दहा महिन्यांची तिची पोर बसत नव्हती आणि एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात घेत नव्हती. घरी येऊन तिने विचारलं, "आई, तुम्ही तर इतकी मुलं बघता. आपली बरी आहे ना?"

"प्रत्येक मूल वेगळं असतं," मावशी म्हणाली.

सुनेने दुसऱ्या दिवशी रजा काढली आणि सासू कामावर असताना एकटीच दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी बबडीला उघडं करून टेबलावर उताणं ठेवलं, मान एकदा इकडे वळवली, एकदा तिकडे, आणि चिठ्ठी लिहायला घेतली. चिठ्ठी गादीखोलीची होती.

संध्याकाळी मुलाने चिठ्ठी वाचली. मग म्हणाला, "आई तिथेच आहे, तेवढं तरी नशीब." मावशीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून बबडीला घेऊन गादीखोलीच्या दारात उभी राहिली. मावशीने तिला तीन नियम सांगितले नाहीत. मोठ्या बाईंनी अर्धा तास तपासलं. मध्ये एकदाच त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला दिसलं नाही?"

मावशी चेंडूला धरून उभी होती.

"दिव्याखाली अंधार," मोठ्या बाई स्वतःच म्हणाल्या, मऊपणाने. "घरच्याला नाही दिसत. होतं असं."

"त्यांना काय म्हणता, बाई," सून म्हणाली. "लसीच्या वेळी डॉक्टरांनीच छान आहे म्हणून सांगितलं होतं. त्या तर दिवसरात्र तिच्यासाठी झिजतात."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तो आधार मावशीला सोसेना.

मोठ्या बाईंनी समजावलं. जन्माच्या वेळी मेंदूच्या एका भागाला धक्का बसलाय, तो पुसता येणार नाही. पण उरलेल्या मेंदूला शिकवता येतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. "आता आधी धरायला शिका. मावशी, दाखवा."

मावशीने बबडीला मांडीवर घेतलं. खांदे पुढे, कंबर दुमडलेली, मान मध्ये. बबडीचं अंग बघता बघता मऊ पडलं. मुठी सुटल्या. जणू काही झालंच नव्हतं.

"बघितलंत?" मोठ्या बाई म्हणाल्या. "असं धरलं की पाहुणे गप्प बसतात. घरी नेहमी असंच धरायचं. फक्त तपासणीच्या वेळी नाही, नाहीतर सगळं झाकलं जातं."

सून बघत होती. चष्म्याच्या दुकानात काच डोळ्यासमोर धरून बघतात, तशी बघत होती.

"आई," ती म्हणाली, "लसीच्या दिवशी तुम्ही अशीच धरली होती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"चौथ्या महिन्यापासून." मावशी म्हणाली. "मला वाटलं, मीच करीन बरी. दुपारी करत होते सगळं. कुणाला न कळता..."

"कुणाला न कळता?" सून म्हणाली. "मी आई आहे तिची."

मग ती मोठ्या बाईंकडे वळली. "सहा महिने आधी आणली असती तर?"

मोठ्या बाई खोटं बोलत नसत. त्या दिवशी त्या बोलल्या असत्या तर मावशीने जन्मभर त्यांचे पाय धुतले असते. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित बरंच सोपं गेलं असतं. कदाचित फरक पडला नसता. कुणालाच नाही सांगता येणार."

"कधीच?"

"कधीच."

घरापर्यंत सून पुढे आणि मावशी दहा पावलं मागे. मुलगा कामावर होता. सुनेने दाराचं कुलूप काढलं, बबडीला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मावशी स्वयंपाकघरात उभी राहिली. कपडे उचलून कुठे जावं, असा विचार तिच्या मनात आला. जायला कुठे नव्हतं आणि थांबायला तोंड नव्हतं.

आतून बबडी रडू लागली. भुकेची वेळ झाली होती, आणि वरचं खाणं आजवर मावशीच भरवायची. सून बाहेर आली, वाटी घेतली, केळं कुस्करलं, पोरीला मांडीवर घेऊन भरवायला लागली. चमचा ओठांना लागला की बबडी मागे ताठ व्हायची, मान वळायची, हात उडायचा आणि चमचा जमिनीवर. सुनेने गादीखोलीत बघितलं तसं धरायचा प्रयत्न केला. खांदे पुढे आणले तर पाय ताठ झाले, पाय दुमडले तर मान गेली. तिने चमचा धुतला, पुन्हा भरला. तो पुन्हा उडाला. केळं पोरीच्या केसांत, आईच्या गळ्यावर. बबडी रडून रडून निळी पडायला लागली. मावशी तीन हातांच्या अंतरावर उभी होती आणि तिने हात पुढे केला नाही. आता तिचा तो हक्क नव्हता.

पाचव्या वेळी सुनेने वाटी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. ती उठली, मावशीसमोर आली आणि तिच्या तोंडाकडे न बघता पोर पुढे केली.

"घ्या," ती म्हणाली. "मला तुमचं तोंड बघवत नाही. पण ती उपाशी आहे, आणि हे तुमच्याशिवाय कुणाला येत नाही."

मावशीने बबडीला घेतलं. हात आपोआप जागेवर गेले, अंग मऊ पडलं, रडं थांबलं. पहिला चमचा बबडीने गिळला, मग दुसरा. सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि वाटी रिकामी होईपर्यंत तिथून हलली नाही.